दगड लावला होता

स्मरणिका समितीस,

तपासण्यासाठी तुम्ही पाठवलेला माझ्याविषयीचा मजकूर परत पाठवत आहे. त्यातलं माझं जन्मगाव बरोबर आहे. ‘कॉलनीतील बेकायदा वाहन हटवण्यासाठी स्वतःच्या अंगावर अपघात झेलणारे लढवय्ये सचिव’ हे वाक्य काढून टाका. त्या पानावर खालचा मजकूर छापा. लांब वाटला तर शुभेच्छांच्या जाहिराती कमी करा. छापायचा नसेल तर तसं लेखी कळवा, मी झेरॉक्स काढून घरोघरी वाटीन. शहात्तराव्या वर्षीही मला जिने चढता येतात.

आपल्या कॉलनीत आठ वर्षं राहिलेल्या एका माणसाविषयी मला लिहायचं आहे. तुमच्या स्मरणिकेत त्यांचा उल्लेख फक्त ‘सदर वाहनाचा चालक’ एवढाच आहे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. नाव लिहू नका असं त्यांनीच मला बजावलं आहे. का, ते शेवटी सांगतो.

मिस्त्री मूळचे सांगोल्याकडचे, मेंढपाळाच्या घरातले. सोलापुरात येऊन गिरणीत फिटर झाले आणि गिरणी बंद पडल्यावर मिळेल ती यंत्रं दुरुस्त करत राहिले. मुलाला चांगली नोकरी लागली, त्यानं जुळे सोलापुरात आपल्या कॉलनीत घर घेतलं आणि वडलांना आणून गॅलरीत खुर्ची टाकून दिली. मिस्त्री त्या खुर्चीवर एक आठवडा बसले. आठव्या दिवशी त्यांनी खुर्चीचा करकरणारा पाय दुरुस्त केला आणि ती मुलाला परत दिली.

उंच, काटक माणूस. खाकी सदऱ्याच्या वरच्या खिशात पान्हा. हातात वीतभर लांब स्क्रू ड्रायव्हर. यंत्र आजारी आहे असं कुणी म्हणालं की स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या यंत्राला लावायचे आणि मूठ स्वतःच्या कानाला. डोळे मिटून ऐकायचे. एकदा आमच्या घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीजला कान लावून उभे राहिले. माझी बायको बघतच राहिली.

“वहिनी, हिचं पोट ठीक हाय,” ते म्हणाले, “पर हिला भिताडाला लई चिकटून उभी केलीया. माणसाला मागनं वारा लागतो, हिला नगं व्हय?”

फ्रीज वीतभर पुढं ओढला आणि चहा न घेता गेले. त्या दिवसापासून फ्रीजची घरघर थांबली. मला त्याचा राग आला होता, हेही लिहून ठेवतो.

त्यांचं मोठं वेड म्हणजे दगड. काळा, नारळाएवढा, एका बाजूला निमुळता. गावाकडच्या मेंढवाड्याच्या दगडी कुंपणातला. तो कायम त्यांच्याजवळ असे. चाक असलेली कुठलीही वस्तू उभी करायची तर आधी तिला दगड लावायचा. उतार असो नसो, एक मिनिट असो नाहीतर रात्रभर. स्वतःच्या गाडीलाच नव्हे, भाजीवाल्याच्या हातगाडीला, गॅसवाल्याच्या टेम्पोला, एकदा तर शेजारच्या बाळाच्या पांगुळगाड्याला. तो दगड एका चाकाला गुंतला असला की आजूबाजूचा दुसरा शोधायचे. दोन्ही पायांच्या स्टँडवर उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरलाही त्यांनी दगड लावला होता. मी म्हणालो, “मिस्त्री, तिला स्टँड आहे.”

“हाय की. पर तिला कळालंय का ती उभी हाय म्हून?”

“म्हणजे?”

“आमचा बा मेंढरं राखायचा, साहेब. मेंढरू उभं ऱ्हायलं की त्येला ठावं असतं आपण उभं हाय. लोखंडाला न्हाय कळत. लोखंडाला सांगावं लागतं.”

पन्नास वर्षांत एकदाही दगड विसरलो नाही, असं ते म्हणायचे. फुशारकी मारत नसत. आपण जसं म्हणतो की मला मुलं दोन, तसं.

आता गाडीविषयी. तुमच्या मजकुरात तिला ‘उपद्रवी वाहन’ म्हटलंय. तो शब्द माझाच आहे, मीच तो इतिवृत्तात घातला होता. मुलं तिला बेडूक म्हणायची. सांगोल्याकडं एका डाळिंबवाल्यानं बागेत फिरायला बाहेरून मागवलेली ती शेतगाडी होती. पुढं दोन जागा, मागं माल ठेवायला उघडा हौदा, दारं नाहीत, फुगीर दातेरी चाकं. बागेवर तेल्या रोग पडला, मालकानं बाग उपटून टाकली आणि गाडी भंगारात निघाली. मिस्त्रींनी ती आणली आणि चार महिने खपून चालती केली. हँडब्रेक काही जमला नाही. स्टार्टरही रुसका होता, म्हणून सकाळी एकदा इंजिन सुरू केलं की काम संपेपर्यंत बंद करायचे नाहीत. गाडी न्यूट्रलमध्ये फटफटत उभी आणि पुढच्या चाकाला दगड. सीटवर घोंगडं अंथरलेलं.

तेव्हाची कॉलनी नव्या पिढीला माहीत नाही. काळी माती. पाइपलाइनीसाठी खणलेले चर अर्धवट बुजवलेले. पावसात स्कूटर चाकाच्या आसापर्यंत रुतायची, उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडायच्या आणि त्यात चाक अडकायचं. रिक्षावाले डांबरी रस्ता संपतो तिथंच थांबायचे. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आणि टँकर मागवला तर तो पहिल्याच वळणावर बसायचा. मिस्त्री त्या टँकरपाशी जायचे, गाडीच्या हौद्यात कॅन भरायचे आणि वरच्या अंगाच्या घरांना पोचवायचे. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या, अक्कलकोटच्या. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायच्या. मिस्त्रींना ‘यप्पा’, म्हणजे बाबा, म्हणायच्या. त्यांचे दोन कॅन मिस्त्री स्वतः जिन्यानं वर नेऊन ठेवायचे. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

मग आमच्या कमिटीचं काय बिघडलं होतं? खरं लिहितो. आम्ही सगळे पगारदार, निवृत्त. कुणी जागा घेताना बायकोचे दागिने मोडले होते. आम्हाला ती कॉलनी शहरासारखी दिसायला हवी होती. पाहुणा आला की त्याला पहिल्यांदा दिसायची घोंगड्यावर बसलेला माणूस आणि फटफटणारा बेडूक. त्याची आम्हाला लाज वाटायची. कायदा नंतर आठवला.

वार्षिक सभा पत्र्याच्या शेडमध्ये होती. अध्यक्ष उठले. “मिस्त्री, तुमच्या गाडीच्या पाटीवर इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय, सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये.”

“व्हय. नातवाकडनं वाचून घेतलंय.”

“मग?”

“मग रस्ता दावा की. एक दावा. तितं न्हाय चालवत.”

शेड हसली. मी सचिव, माझ्या हातात कागद होता. मी उठून म्हणालो, “मंजूर नकाशात नऊ मीटरचा रस्ता आहे.”

“आसंल. मी कुटं नकाशावर चालवतो?”

हसू आवरेना. मला ते अजून ऐकू येतं. मिस्त्री मात्र हसले नव्हते. ते पुढं म्हणाले, “साहेब, एक काय ते ठरवा. ह्यो रस्ता हाय आसं म्हना आणि करून द्या, मी गाडी सोडतो. न्हायतर रस्ता न्हाय आसं लिवून द्या, मी चालवतो. पर रस्ता बी न्हाय आणि गाडी बी नगं, आसं कसं? म्हातारीनं पानी काय तुमच्या कागदातनं प्यावं?”

आपला नियम मात्र त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. डांबर जिथं सुरू होतं तिथं गाडी थांबवायची. तिथं एक कडुलिंब होता. चाक डांबराला लागता कामा नये. “हितनं पुढं सरकारचा रस्ता,” ते म्हणायचे, “हितनं अलीकडं आपला चिखुल.” लिंबापाशी रिक्षा उभी असायची, माणूस एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचा. तीन वर्षांत त्या गाडीचं चाक एकदाही डांबरावर गेलं नाही. अपवाद एकच, आणि त्याला कारण मी आहे.

सभेनंतर मी आरटीओत तक्रार केली. चौकशीला एक साहेब मोटारीतून आले आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर त्यांची मोटार रुतली. ड्रायव्हरनं जोर केला तशी ती आणखी खाली गेली. मिस्त्री आले. आधी मोटारीच्या मागच्या चाकाला दगड लावला, मग दोर बांधला आणि बेडकानं ती मोटार ओढून काढली. साहेबांच्या बुटावर चिखल, माझ्या धोतरावर चिखल. मिस्त्री दोर गुंडाळत म्हणाले, “साहेब, आता लिवा. हितं चालवायजोगी गाडी कुटली, तुमची का माजी?”

साहेब खो खो हसले आणि काहीही न लिहिता गेले. त्या दिवशी कायद्याचा विषय संपला आणि माझा सुरू झाला.

घरातही माझी बाजू नव्हती. बायकोचे गुडघे दुखायचे. मंगळवारी ती देवळात जायची तेव्हा मिस्त्री तिला लिंबापर्यंत सोडायचे. सचिवाची बायको त्या गाडीत घोंगड्यावर बसलेली! मी सांगितलं, हे बंद कर. ती म्हणाली, “तुम्ही रस्ता करा, मी गाडी सोडते.” मिस्त्रींचंच वाक्य तिनं मला ऐकवलं.

आता तो दिवस.

सकाळचे नऊ वाजले असतील. मी मंडईतून येत होतो. स्कूटरच्या हुकाला पिशवी, तिच्यात तळाशी कांदे-बटाटे आणि वर मेथीच्या दोन जुड्या. मोबाइल कान आणि खांदा यांच्यामध्ये धरलेला. पलीकडून अध्यक्ष बोलत होते, विषय अर्थातच बेडूक. दुसऱ्या दिवशी चाळीस सह्यांचा अर्ज द्यायचा होता. टाकीच्या वळणावर डावीकडं चिखल होता, म्हणून मी उजवीकडून चढ चढलो. वळलो आणि समोर गाडी. उतारावर तोंड करून उभी, फटफटत, आत कुणी नाही. मिस्त्री शिक्षिकाबाईंचे कॅन घेऊन वर गेले होते.

मी उभ्या गाडीवर आदळलो. कुणाचीही चूक नाही, माझ्याशिवाय. ती उभी होती. मी चुकीच्या बाजूनं, फोनवर बोलत, तिच्यावर गेलो.

स्कूटर तिच्या पुढच्या भागाखाली अडकली आणि मी बाजूला फेकला गेलो. उजव्या गळपट्टीचं हाड मोडल्याचं तेव्हाच कळलं. गाल मातीला टेकला होता आणि डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, उजव्या पुढच्या चाकाला लावलेला तो दगड होता. धडकेनं गाडी बोटभर मागं सरकून स्कूटरवर टेकली होती, त्यामुळं दगड मोकळा झाला होता.

गल्लीत कुणी नव्हतं. घाईत सुचलं, भान नव्हतं, असं लिहिणं सोपं आहे. मी लिहिणार नाही. मला भान होतं. उद्या अख्खी कॉलनी म्हणणार की सचिव उभ्या गाडीला धडकला. पत्र्याच्या शेडमधलं हसू मला ऐकू आलं. मी डाव्या हातानं दगड ओढला. सरपटत पिशवीपर्यंत गेलो. दगड मेथीखाली घातला. तेवढ्यात स्कूटर निसटली आणि गाडी दोन हात खाली घरंगळून तिच्यावर चढली. पत्रा चिरडल्याच्या आवाजानं खिडक्या उघडल्या.

“गाडी सुटली! गाडी सुटली!” कुणीतरी ओरडलं.

त्यांनीच ठरवलं, मी फक्त मान हलवली.

मिस्त्री जिना उतरून धावत आले. आधी मला पाहिलं, मग चाकाकडं पाहिलं. “दगड लावला हुता,” ते म्हणाले. गुडघ्यांवर बसून चिखलात चाचपू लागले. गाडीखाली, चरात, भिंतीकडेला. “लावला हुता की. मी लावला हुता.” तेवढ्यात मी कण्हलो. त्यांनी शोधणं सोडलं.

कुणी रिक्षाला फोन लावला होता. रिक्षा लिंबापर्यंतच येणार होती. मिस्त्रींनी गाडी स्कूटरवरून मागं घेतली, मला उचललं, हौद्यात घोंगडं टाकून त्यावर निजवलं आणि माझ्या पोटावर माझी पिशवी ठेवली. “साहेब, मेथी ऱ्हायली न्हाय,” म्हणाले. लिंब आला. रिक्षा नव्हती. गाडी क्षणभर थांबली. आणि मग त्यांनी ती डांबरावर घातली. दवाखान्यापर्यंत, दोन चौक ओलांडून. दर खड्ड्याला तो दगड माझ्या पोटात रुतत होता.

गाडी दवाखान्याच्या दारातच जप्त झाली. डांबरावर आली होती ना! नंबर नाही, कागद नाही, वर अपघात.

संध्याकाळी पोलीस जबाब घ्यायला आले. मिस्त्री खाटेच्या पायथ्याशी उभे. त्यांनी मला थेट विचारलं, “साहेब, तुमी चाकाम्होरंच पडला हुता. तुमाला दगड दिसला असंल. तेवढं सांगा.”

पिशवी माझ्या खाटेखाली होती.

मी म्हणालो, “नव्हता.”

ते भांडतील, मला खोटारडा म्हणतील, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “तुमी कागदातली मानसं. तुमी म्हनता मंजी नसंल. मंजी मी इसरलो.”

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना दंड झाला, तो त्यांनी भरला. गाडी सुटली नाही. जप्तीच्या आवारात ती उभी राहिली आणि तिच्यावर वेल चढले. मुलाला कॉलनीत तोंड दाखवणं जड झालं, त्यानं घर विकलं. मिस्त्री गावी गेले. पहिल्या टँकरच्या दिवशी शिक्षिकाबाई वरून हाका मारत होत्या, “यप्पा यल्ली? कुठं गेला माझा यप्पा?” आम्ही कमिटीवाले खाली माना घालून घरात गेलो. त्यांचा एक कॅन मी डाव्या हातानं वर नेला. दोन पायऱ्यांतच पाणी सांडलं आणि मी परत फिरलो.

दगड मी घरी आणून मोरीजवळ ठेवला. फेकून का दिला नाही, माहीत नाही. आयुष्यभर सरकारी कागद सांभाळणारा कारकून होतो, काही फाडायची सवय नव्हती. बायकोनं पहिल्याच दिवशी पाहिला. ओळखला. रोज फरशी पुसताना तो उचलायची, खालची जागा पुसायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. नवी स्कूटर घेतली तेव्हा मी म्हणालो, चल, देवळात सोडतो. ती म्हणाली, “चालत जाते.” त्या गुडघ्यांनी, इतकी वर्षं, दर मंगळवारी ती चालत जाते.

एकदाच त्याविषयी बोलली. मिस्त्रींची सून तिला बाजारात भेटली होती. “तिचे मामंजी आता यंत्राला हात लावत नाहीत म्हणे. मोटार बिघडली तरी बसून राहतात. म्हणतात, मी इसरतो, माझ्या हातानं कुणाचा तरी जीव जाईल.” एवढं सांगून तिनं भाजी चिरायला घेतली.

ते ऐकूनही मी काही वर्षं गप्प बसलो. किती, ते मोजायचं धाडस नाही.

मग तुमचा मजकूर आला. मी चष्मा शोधत होतो, तर बायकोनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. ‘लढवय्ये सचिव’ पाशी थांबली. पंख्यानं कागद उडत होता. ती उठली, मोरीजवळून दगड आणला आणि त्या कागदावर ठेवला. “उडून जाईल,” म्हणाली आणि देवळात गेली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो. कंडक्टरनं मांडीवरची पिशवी उचलून रॅकवर ठेवायला घेतली आणि खाली वाकला. “आजोबा, काय भरलंय हो?”

“दगड.”

“तिकडं दगड कमी हायत व्हय, सोलापुरातनं न्यायला?”

सगळी गाडी हसली. या वेळी मला काही वाटलं नाही.

मिस्त्री अंगणात बाजेवर बसले होते. पलीकडं शेरडं बांधलेली, कोपऱ्यात कडबाकुट्टी यंत्र बंद पडलेलं आणि एक पुतण्या त्याच्याशी झटापट करत होता. मिस्त्रींची नजर गेली होती. मी हाक मारली तसं आवाजावरून मला ओळखलं. “साहेब? खांदा बरा हाय न्हवं?”

मी पिशवीतून दगड काढून त्यांच्या हातात दिला. बोलायचं काय ते एसटीत पाठ केलेलं सगळं विसरलो होतो.

त्यांनी तो ओंजळीत घेतला. निमुळती बाजू अंगठ्यानं चाचपली. तिथं चाकाच्या दात्यांनी घासून घासून झालेली खोबण आहे. अंगठा तिच्यात बसला आणि तिथंच राहिला.

“कुटं हुता?”

“माझ्याकडं. तुम्ही लावला होता. मी काढला.”

शेरडं ओरडत होती. पुतण्याचा पान्हा थांबला. मिस्त्री बोलले, पण माझ्याशी बोलले असं वाटत नाही.

“मंजी मी लावला हुता.”

“हो.”

“मी इसरलो नव्हतो.”

“नाही.”

त्यांनी दगड बाजेवर ठेवला. “गाडी गेली त्येचं काय न्हाय, साहेब. गाड्या येत्यात, जात्यात. पर तुमी माजा हात काढून न्हेला वो. मी इतकी वर्सं ह्या हाताला घाबरून बसलोय.”

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. तुमच्या स्मरणिकेला शोभेल असा शेवट व्हावा म्हणून मी खोटं लिहिणार नाही. पुतण्याची बायको चहा घेऊन आली. “च्या घ्या,” मिस्त्री म्हणाले, “दारात आलाय म्हून. पर पिऊन झाला की बसू नगा.”

मी उभ्यानंच प्यालो. ते उठले, हात पुढं करत अंगणातून चालत यंत्रापाशी गेले आणि पुतण्याला म्हणाले, “सर बाजूला. स्क्रू ड्रायव्हर दे. न्हाय, त्यो न्हाय. लांबडा.” टोक यंत्राला लावलं, मूठ कानाला. “फिरव,” म्हणाले. पुतण्यानं चाक फिरवलं. मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले.

मी निघालो तसं मागं न वळता म्हणाले, “साहेब, लिवा. कागदावर खोटं लिवलंय, कागदावरच खरं लिवा. माजं नाव नगं घालू. माज्या नावाचं काय काम? दगडाचं लिवा.”

परत आल्यावर मी पोलिसांत लेखी जबाब दिला. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, “आजोबा, केस केव्हाच बंद झालीय. आता कशाला त्रास करून घेता?” मी पोच घेतली. तिची प्रत सोबत जोडली आहे.

समितीतल्या काही जणांना हे रुचणार नाही. ‘वाहन शेवटी बेकायदाच होतं,’ असं म्हणाल. होतं. आता आपल्याकडं सिमेंटचा रस्ता आहे आणि दारोदारी डोंगर चढायच्या, नदी ओलांडायच्या जाहिराती करून विकलेल्या टोलेजंग गाड्या उभ्या आहेत. त्या शाळेच्या फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. त्यांना नंबर आहे, कागद आहेत, आणि संध्याकाळी त्या अशा लावलेल्या असतात की माझ्या बायकोला देवळात जाताना मधून चालावं लागतं. त्यांच्याविरुद्ध चाळीस सह्यांचा अर्ज अजून कुणी काढलेला नाही. जिथं रस्ता नव्हता तिथं बिनरस्त्याची गाडी चालवणारा माणूस आम्हाला शहरात चालला नाही. तेव्हा मी चूक होतो आणि ते बरोबर होते. त्याची इतिवृत्तात नोंद घ्यावी, ही माझी सचिव म्हणून राहून गेलेली शेवटची नोंद.

दगड आता माझ्याकडं नाही, मालकाकडं आहे. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी सांगोल्याची एसटी धरावी. मी मोडलेल्या हाडाचा, शुद्धीवर असलेला एकमेव साक्षीदार आहे, आणि माझी साक्ष एवढीच आहे: गाडी उभी होती. उजव्या पुढच्या चाकाला दगड लावला होता.